येळवशीची पंगत आणि केडगावचं घर

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही समन्वयक आज तुमच्याशी पाहुणचाराविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, पाहुणचार काय शिकवायचा? दारात माणूस आलं की पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि चहाचं आधण ठेवायचं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आम्हालाही असंच वाटत होतं. एका येळवशीला आमची ही समजूत मोडली, म्हणून हा विषय घेतला.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, लातूरकडच्या बायांना सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावस्या. शेतात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग सगळ्यांनी शिवारातच जेवायचं. भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यातली गार आंबील. शहरातली माणसं त्या दिवशी गावाकडं येतात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात जेवायचं बोलावणं असतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायची आपली रीत आहे. या रीतीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच.

त्या वर्षी आम्ही औसा तालुक्यात गटातल्या एका ताईंच्या शेतात जेवायला होतो. लातूरहून त्यांचे नातेवाईक आले होते, शाळेतले गुरुजी होते, बँकेतले साहेबही होते. शेजारच्या उसाच्या फडाला टोळी लागलेली होती. बांधाच्या पलीकडं तोडणी करणाऱ्यांच्या पाच-सहा कोप्या होत्या. पंगती उठल्या, भांडी आवरायला घेतली, तेव्हा पातेल्यात बरीच भज्जी उरली होती. कुणीतरी म्हणालं, "त्या कोप्यांवर देऊन या, वाया जायला नको." आम्ही हौसेनं डबा भरला आणि निघालो. मनात होतं, चांगलं काम करतोय.

कोपीपुढं एक बाई वाढं बांधत बसली होती. वय आमच्याएवढंच. तिनं डबा घेतला, दुसऱ्या भांड्यात ओतला, आमचा डबा विसळून परत दिला. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "ताई, आमच्या तांड्यावर बी पंगत असती. पाहुण्याला आम्ही आधी वाढतो."

तिचा आवाज चढला नव्हता. पण आम्हाला पुढं बोलता आलं नाही. कडब्याच्या कोपीतल्या पांडवांना आम्ही सकाळी नैवेद्य दाखवला होता. पांडवही वनवासातलेच. आणि पन्नास पावलांवरच्या कोपीतल्या माणसांची आठवण आम्हाला कधी झाली? अन्न उरल्यावर.

उरलेलं देणं आणि बोलावणं

पाहुणचार आणि दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दानात देणारा उभा असतो आणि घेणारा हात पसरतो. पाहुणचारात दोघंही बसलेले असतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेल्या बायांनी हे पाहिलं आहे. तिथं सगळ्यांना एकाच ओळीत, जमिनीवर, तेच जेवण मिळतं. शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही.

ख्रिस्ती धर्मात या गोष्टीवर फार भर आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूची एक शिकवण आहे. तिचा आशय असा, की जेवण घालाल तेव्हा श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, कारण ते तुम्हाला परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरीब, पांगळे, आंधळे यांना बोलवा, कारण त्यांना परतफेड करता येत नाही. आपल्याकडं आहेराची वही ठेवतात ना, कुणी किती घातला आणि आपण किती घालायचा, त्या वहीच्या बाहेरचं हे बोलावणं आहे. आमच्या येळवशीच्या पंगतीत गुरुजी होते, बँकेतले साहेब होते. म्हणजे सगळे वहीतलेच होते.

अशी शिकवण सांगायला सोपी, पण ती कुणी पाळली का? पाळणारी एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली, पंडिता रमाबाई. तिचं नाव पुष्कळांना माहीत असतं, पण ती स्वतः किती उपाशी राहिली होती हे कमी जणींना ठाऊक असतं. आजच्या विषयासाठी तेच महत्त्वाचं आहे.

भाकरीचा तुकडा मागताना

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष घ्यावा लागला. पुढं ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात राहिले. तिथं त्यांच्याकडं विद्यार्थी शिकायला येत, यात्रेकरू येत, सगळ्यांना जेवण असे. या पाहुणचारात पैसा संपला आणि कर्ज झालं. रमाबाई तान्ही असतानाच कुटुंबानं ते घर सोडलं आणि पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणं सुरू झालं. आल्यागेल्याला जेवू घालणारं घर स्वतःच बेघर झालं.

नंतर १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते विकून झालं. मोलमजुरी करायची तर जातीचा मान आडवा येई, भीक मागायची तर लाज वाटे. आधी वडील गेले, पाठोपाठ आई आणि मोठी बहीण. आईच्या शेवटच्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी पुढं लिहून ठेवला आहे. आईनं भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. ती शेजारीण भली होती, तिनं भाकरी दिली आणि मायेनं बोललीही. पण रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी डोळ्यातलं पाणी कसंबसं आवरलं. ती भाकरी घरी आणली तेव्हा आईला ती खाण्याचीही ताकद उरली नव्हती.

मैत्रिणींनो, या प्रसंगावर जरा थांबू. शेजारणीचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं दिलं आणि गोड बोलून दिलं. तरीही मागणारीच्या जिवाला काय होतं हे तिला कळलं नसेल. आपल्या गावातही असंच होतं. "गरज असती तर मागितलं असतं की" असं आपण म्हणतो. पण खरी नड असलेलं माणूस मागतच नाही, कारण त्याच्याजवळ इज्जत एवढंच उरलेलं असतं. मागायला येईल तेव्हा देऊ असं म्हणून थांबलं की पुष्कळदा उशीर होतो.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास त्यानंतर पायी फिरत राहिले. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीतून वाचायला त्यांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये दोघं कोलकात्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये नवराही गेला. चोविसाव्या वर्षाच्या आसपास त्या लहान मुलीला घेऊन पुण्यात आल्या.

पाणी मागणारा पाहुणा

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यामागं एक गोष्ट होती. लंडनजवळ फुलहॅम इथं ख्रिस्ती भगिनी एक आश्रम चालवत. समाजानं 'वाया गेलेली' म्हणून टाकलेल्या बायांना तिथं सन्मानानं ठेवत. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायांना जवळ घ्यायचं, हे त्यांनी आपल्याकडं पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट आपल्या विहिरीवर घडावी अशीच आहे. भर दुपारी एक बाई एकटी पाण्याला येते. ती हलक्या मानलेल्या लोकांतली आहे, शिवाय तिच्या संसारावरून गावात बोललं जात असावं. काठावर येशू बसलेला आहे. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्याला शिवत नसत. आणि येशू तिलाच म्हणतो, मला प्यायला पाणी दे.

आधी तो तिला काही देत नाही. तिच्याकडं मागतो. तिच्या हातचं पाणी घ्यायला तयार होतो. मराठवाड्यात कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या नाही, हे कळायला आपल्याला पुस्तक लागत नाही. म्हणून ही गोष्ट आपल्याला लगेच समजते. गरिबाला जेवू घालणं सोपं आहे. त्याच्या घरी बसून त्याच्या कपातला चहा पिणं अवघड जातं. आपुलकीची खरी परीक्षा तिथंच होते.

केडगावचं घर

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांसाठी ते घरही होतं आणि शाळाही होती. पुढं ते पुण्याला आलं. ज्यांना आपले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळायचे होते, त्या मुलींसाठी स्वयंपाकाची वेगळी सोय होती. घर चालवणारी बाई ख्रिस्ती, पण पाहुणीनं तिच्या रीतीनं जेवायचं. इथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या आनंदीबाई कर्वे.

त्याच १८९३ साली पुण्यात मोठा वाद झाला. सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा आरोप झाला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की आपण आपल्या खोलीत प्रार्थना करतो, दार उघडं असतं, ज्यांना यायचं त्या येतात. पुढं केडगावला तर उघडपणे ख्रिस्ती शिकवणच दिली जात होती. हा वाद आम्ही झाकून ठेवणार नाही, कारण त्यात आपल्यालाही एक प्रश्न आहे. आसरा दिल्यावर घेणाऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक उरते का? आपण कर्ज मंजूर करतो आणि मग म्हणतो, "सभेला गाडीत बसून यायचं हं." ही काय कमी अट झाली? पाहुणचाराला अट जोडली की तो सौदा होतो.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपल्या आई-वडिलांचे दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडं गेल्या. निराधार मुली आणि बाया घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, शहरात एवढी माणसं ठेवायला परवानगी नव्हती. म्हणून दौंडकडच्या केडगावला, सदनासाठी घेतलेल्या शेतजमिनीवर, त्यांना आधी तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलं. त्यातून 'मुक्ती' उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि घरातली माणसं दोन हजारांच्या आसपास गेली. तिथं आंधळ्या बायांना ब्रेल शिकवलं जाई. समाजानं टाकलेल्या बायांसाठी कृपा सदन होतं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळी कामं बायाच करत. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, तोवर त्या त्यांच्यातच राहिल्या.

आलेल्या बाईला जेवण मिळाल्यावर काय? ती फक्त खाणारी राहिली नाही, कामाची वाटेकरीण झाली. म्हणजे पाहुणी घरची झाली. रमाबाईंनी हे मुद्दाम केलं, कारण नुसतं घेत राहिल्यानं माणसाला काय वाटतं, हे त्यांनी शेजारणीच्या दारात सोसलं होतं.

आपल्या वहीतून कोण गळलं?

आता पुन्हा आमच्या येळवशीकडं. डबा परत घेऊन आम्ही तिथंच बसलो आणि बोललो. ती बाई नांदेड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची निघाली. म्हणाली, "म्या बी गटात होते. नाव काढलं." आम्ही विचारलं, का? "सहा महिने इकडं असतो. बैठकीला कशी येणार?"

नियम आमचाच होता. सलग गैरहजर राहिलं, बचत थकली, तर नाव कमी. आठवड्याला २० रुपये बचत, न आल्यास ५ रुपये दंड. २० आठवड्यांत ४०० रुपये बचत थकते आणि १०० रुपये दंड चढतो. परत आल्यावर ५०० रुपये एकदम कुठून भरणार? कागदावर नियम सगळ्यांना सारखाच होता. पण त्यातून नेमकी सगळ्यात गरीब बाई बाहेर पडली होती.

ती का जाते हेही आम्ही नीट ऐकलं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, पण फेडतात दोघं. पहाटे उठून भाकरी करायच्या, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. अंग दुखतंय म्हणून एक दिवस घरी राहिलं तर खाडा धरतात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षीही जाणं आलंच. आळस, व्यसन, अडाणीपणा अशी जी कारणं आपण गरिबीला चिकटवतो, त्यातलं एकही तिच्या बोलण्यात सापडलं नाही. सापडला तो एक हिशोब, आणि त्या हिशोबात तिच्या हातात काहीच नव्हतं.

त्यानंतर आम्ही आमच्या गटांमध्ये काही बदल केले. तुमच्या गटाला जमतील ते बघा.

पहिली गोष्ट, स्थलांतर करणाऱ्या बाईला गैरहजर धरायचं नाही, 'कामावर' असं लिहायचं. तिची बचत जाण्याआधी किंवा आल्यावर हप्त्यानं घ्यायची आणि दंड लावायचा नाही. बैठकीत काय ठरलं ते तिला फोनवर सांगायचं.

दुसरी, अंतर्गत कर्जाचा विचार दसऱ्याच्या आधी करायचा. दवाखाना, किराणा, शाळेचा खर्च एवढ्यापुरतं गटानं दिलं, तर मुकादमाची उचल तेवढी कमी घ्यावी लागते. अगदी निराधार कुटुंबासाठी ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी असतो. तो वाटताना बैठकीला न आलेल्यांची नावं आधी वाचायची.

तिसरी, मुलांसाठी गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू करता येईल का, हे टोळ्या निघण्याआधी मुख्याध्यापकांना विचारायचं. ज्या आजीकडं नातवंडं राहतात तिच्याकडं आठवड्यातून एकदा जाऊन बसायचं.

चौथी, हळदीकुंकू असो, गटाचा वर्धापनदिन असो, विधवा, टाकलेल्या आणि परगावच्या बायांना आधी बोलावणं द्यायचं. आणि त्यांनी घरी बोलावलं तर जायचं. "कशाला त्रास घेता" म्हणून टाळायचं नाही. त्यांचा चहा नाकारणं म्हणजे त्यांचा पाहुणचार करण्याचा हक्क नाकारणं.

हे सगळं लगेच जमत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' काही जणींनी वाचलं असेल. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर बराच काळ आपलं सोवळं सोडलं नव्हतं. सोडलं तेव्हा स्वतः विचार करून सोडलं. पुढं त्यांच्या घरात कुणीही यावं आणि घरचं होऊन राहावं अशी रीत झाली. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडं मुलासारखे राहिले. मन बदलायला त्यांनाही वेळ लागला, आपल्यालाही लागेल. लाज वाटून घेण्यापेक्षा सुरुवात केलेली बरी.

पुढच्या येळवशीला आम्ही त्या ताईंच्या शेतात सकाळीच गेलो. फडात टोळी होती, पण दुसरी, बीडकडची. अमावस्या असो की सण, त्यांना सुट्टी नसते, म्हणून दुपारी त्यांच्या जेवणाच्या वेळेलाच पहिली पंगत बसवली. गुरुजी दुसऱ्या पंगतीला बसले. थोडी कुजबुज झाली, नाही असं नाही. संध्याकाळी त्या बायांनी आम्हाला कोपीवर चहाला बोलावलं. बिनदुधाचा, गुळाचा चहा होता. तो आम्ही घेतला.

पहिल्या वर्षीची ती बाई पुन्हा भेटली नाही. पण पाडव्यानंतर आम्ही तिच्या तांड्यावर गेलो. गटाच्या बैठकीत नियम बदलला आणि वहीत तिचं नाव परत लिहिलं. तिला निरोप पोचल्याचं तिच्या जावेनं सांगितलं.

या आठवड्याच्या बैठकीत तुम्हीही एक करा. गटाची जुनी हजेरीची वही काढा आणि कमी केलेली नावं मोठ्यानं वाचा. ती बाई का गेली, हे सगळ्यांनी मिळून आठवा. मग दोघींनी तिच्या घरी जा. सोबत काही नेऊ नका. तिनं दिलेलं पाणी प्या, आणि ती काय म्हणते ते ऐका.